फरशी वाजवून बघा!

घरातली कुठली दुरुस्ती सगळ्यात शेवटी होते, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, बाथरूमची! हॉलला दर दोन-तीन दिवाळ्यांना रंग लागतो. ओट्याची कड फुटली तर ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरते, म्हणून तीही बदलली जाते. बाथरूमची फरशी हलायला लागली तर मात्र 'त्या कोपऱ्यात पाय देऊ नका गं' एवढी सूचना घरभर फिरते आणि मग सगळं कुटुंब तो कोपरा चुकवून अंघोळ करायला शिकतं. लहान पोरांनाही ते पाठ होतं. नवी सून आली की तिला देव्हारा, डबे-बरण्या यांच्यासोबत ती हलणारी फरशीही दाखवली जाते.

बचत गटाच्या कामासाठी माझं घरोघरी जाणं असतं. उन्हातून गेल्यावर हात-पाय धुवायला आत जावं तर काय काय पाहायला मिळतं! सैल फरशीवर पालथी घातलेली बादली. तिच्यावर अंथरलेलं जाळीचं प्लॅस्टिकचं पायपुसणं. फटीत दाबून बसवलेली एम-सीलची गोळी. आणि जवळजवळ प्रत्येक घरी व्हाईट सिमेंट. "अहो ताई, परवाच भरलं होतं, परत निघालं बघा," ही तक्रार तर मी कितीदा ऐकली असेल! निघणारच ते. फरशीच्या खालचा आधार गेलेला असतो, पाय पडला की ती खाली दबते, पाय काढला की वर येते. अशा हलत्या फरशीच्या कडेला भरलेलं सिमेंट टिकणार किती दिवस? वर आत शिरलेलं पाणी मात्र कोंडून राहतं. म्हणजे मलमपट्टी वरून आणि जखम आत चिघळतेय, अशातली गत.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एक आजी गेल्या संक्रांतीच्या आधी बाथरूममध्ये पडल्या. वय सत्तरीच्या पुढचं. पहाटे उठून, कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता गेल्या. नहाणीच्या तोंडाजवळची फरशी गणपतीपासून सैल होती आणि तिच्यावर पायपुसणं टाकलेलं होतं. पाय पडला, फरशी कलली, पायपुसणं सरकलं. खुब्याचं हाड मोडलं. पाळी गेल्यानंतर बाईची हाडं किती ठिसूळ होतात, हे आपण आरोग्य शिबिरात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. ऑपरेशन झालं, अंथरुणात आठवडे गेले, आता त्या वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. पण मला टोचतं ते वेगळंच. ज्या कामाला गणपतीपासून मुहूर्त मिळत नव्हता, ते आजी दवाखान्यात असताना दोन दिवसांत झालं! गवंडी मिळाला, पैसे निघाले, वेळही निघाला.

म्हणून म्हणते, आज दुपारी बाथरूम कोरडं झालं की एवढं एक करा. एक नाणं घ्या, नाहीतर लाटण्याचं टोक. खाली बसा आणि एकेक फरशी वाजवत चला, मधोमध आणि चारही कोपऱ्यांत. माठ घेताना आपण कसा वाजवून घेतो, तसंच. भरीव फरशी 'टक्' वाजते. खाली पोकळी असेल तर आवाज बद्द येतो, रिकाम्या डब्यासारखा. कान पाच मिनिटांत तयार होतो, त्याला इंजिनिअर लागत नाही. बद्द वाजणाऱ्या फरशीवर खडूची फुली मारा आणि शेवटी वहीच्या पानावर चौकटी आखून तेच उतरवून घ्या. हा कागद पुढं फार कामाला येतो.

बद्द वाजणारी प्रत्येक फरशी उखडायलाच हवी असं नाही हं. नुसती वाजते, पण हलत नाही, कडेचे सांधे शाबूत आहेत, अशी फरशी वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. तिच्यावर फक्त लक्ष ठेवा. हलणारी, कडा वर आलेली, तडकलेली, पाय दिल्यावर फटीतून पाणी किंवा बुडबुडे वर येणारी फरशी मात्र काढायलाच हवी. मग फुल्या कुठं पडल्यात ते बघा. नहाणीच्या जाळीभोवती पडल्या असतील तर तिथल्या सांध्यातून पाणी आत जात असण्याची शक्यता जास्त. भिंतीच्या कडेनं एका ओळीत असतील आणि आतून पाइप जात असेल तर पाइपाकडे संशयानं बघायला हवं. सगळे नळ बंद करून दोन दिवस ती जागा कोरडी ठेवली आणि तरी फटीतून ओल वर येत राहिली, तर आधी प्लंबर आणि मग गवंडी. उलटं केलं तर नवी फरशी पुन्हा निघणार.

फरशी सैल होते ती एका दिवसात नाही. बहुतेक वेळा बीज बसवतानाच पेरलेलं असतं. गवंडी घाईत असला की फरशीखाली माल सगळीकडे पसरत नाही, मधे चार गोळे टाकतो आणि वरून ठोकून मोकळा होतो. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते. किंवा तासाभरापूर्वी कालवलेला, घट्ट व्हायला लागलेला माल पुन्हा पाणी घालून वापरतो. सिमेंट एकदा धरायला लागलं की नंतर घातलेल्या पाण्यानं त्याची ताकद परत येत नाही. किंवा फरश्यांत फटच ठेवत नाही, एकीला एक चिकटवून बसवतो. दिसायला ते छान दिसतं, पण फरशी ऊन-थंडीनं आणि ओलीनं किंचित फुगते-आकसते. फुगायला जागा नाही मिळाली की मधल्या दोन फरश्या तंबूसारख्या वर उठतात, कधी कधी तर चक्क आवाज होऊन.

आमच्या सांगली भागात आणखी एक कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं आणि कित्येक ठिकाणी काही दिवस हललं नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर आपण भिंतींची ओल बघितली, कपाटं बघितली. जमिनीखालची भर खचलीय, हे कुणाच्या ध्यानात येणार? तळमजल्याच्या घरात फरशीखाली मुरूम-मातीची भर असते. ती भिजून खाली बसली की फरशी अधांतरी राहते. त्यात काळी माती असेल तर पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. अशा घरात दोन फरश्या बदलून भागत नाही. तेवढा भाग खणून, भर धुम्मसानं नीट ठोकून, वर कोबा घालूनच फरशी बसवावी लागते. खर्चिक आहे, पण दर दोन वर्षांनी तेच रडगाणं गाण्यापेक्षा बरं.

आणि एक कारण थेट आपल्या हातातलं. अ‍ॅसिड! बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग निघत नाहीत म्हणून सणावाराला आपण बाटलीभर अ‍ॅसिड ओततो, फेस आला की समाधान वाटतं. तो फेस मळाचा असतोच असं नाही. सिमेंटमधला आणि शहाबादीमधला चुना अ‍ॅसिडात विरघळतो, त्याचाही तो असतो. फरश्यांच्या सांध्यांतलं सिमेंट असं प्रत्येक वेळी थोडं थोडं खाल्लं जातं, आणि सांधा उघडा पडला की रोजच्या बादल्यांचं पाणी आत जायला मोकळं. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून येणारी आपली जुनी शहाबादी तर चुनखडीचाच दगड. तिला अ‍ॅसिड लावूच नये. डाग पडू नयेत म्हणून रोज अंघोळी झाल्यावर वायपरनं पाणी ओढून काढणं आणि आठवड्याला साबणाच्या पाण्यानं ब्रश मारणं, एवढं पुष्कळ होतं. आणि अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर चुकूनसुद्धा एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

आता गवंडी बोलवायचा. तो येतो, दारातच उभा राहतो आणि विचारतो, "साहेब आहेत का घरात?" साहेब दुपारी घरात नसतात. असले तरी ते बाथरूममध्ये दहा मिनिटं असतात! पाणी कुठं साठतं, कुठली फरशी कधीपासून हलते, घासताना कुठं बोट अडकतं, हे सगळं ठाऊक असतं ते घरातल्या बाईला. पण बोलणी होतात ती दोन पुरुषांत, ओसरीवर, चहा पिता पिता. आपण चहा देतो! १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना संवाद साहाय्यक म्हणून नेमलं होतं. कालपर्यंत चारचौघांत न बोलणाऱ्या बायका घरमालकांना दुरुस्ती समजावून सांगायला लागल्या, बांधकामावर लक्ष ठेवायला लागल्या. मग आपल्याच घरातल्या चार फरश्यांबद्दल आपण का बोलू नये?

आमच्या गटातल्या बायकांना मी सांगते, गवंड्याच्या हातात तो चौकटींचा कागद द्या आणि चार गोष्टी विचारा. खालचा जुना माल काढणार का? खाली वॉटरप्रूफिंग लावणार का? फरशी कशावर बसवणार? उतार कुठं देणार? चांगला कारागीर असेल तर या प्रश्नांनी खूश होतो, हे मी अनुभवानं सांगते. "ताई, तुम्हाला यातलं कळतंय," म्हणतो आणि काम जपून करतो. "वरून सिमेंट सोडतो, हाय काय अन् नाय काय," म्हणणाऱ्याला मात्र चहा पाजून परत पाठवा.

दोन-चारच फरश्या असतील तर काम एका दिवसाचं. पण नीट बघत उभं राहा. आधी चारही बाजूंचे सांधे पातीनं कापून मोकळे करायचे, म्हणजे ओढाताणीत शेजारच्या चांगल्या फरश्या फुटत नाहीत. मग छिन्नीनं हळूच उचकटायचं. छिलके काचेसारखे उडतात, पोरांना लांब ठेवा आणि स्वतःही चप्पल घालून उभ्या राहा. फरशी निघाल्यावर खालचा भुगा झालेला माल खरवडून काढायचा. घट्ट लागेपर्यंत, पण बेतानं, कारण खाली पाइप असू शकतो. इथं बहुतेक जण घाई करतात. खड्डा ओला असताना त्यावर काम सुरू झालं की ओल आतच राहते. एक दिवस उघडा ठेवून, पंखा लावून वाळू द्या. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला वाळल्यावरच दुसरा.

फरशी कशावर बसवायची ते फरशी बघून ठरतं. ती पालथी करून पाठीवर पाण्याचे थेंब टाका. थेंब लगेच शोषले गेले तर ती साधी सिरॅमिक. ती पाण्यात भिजवून, खाली सिमेंटचं दाट पाणी लावून वाळू-सिमेंटच्या मालावर चांगली बसते. थेंब तसेच राहिले तर ती व्हिट्रीफाइड. ती पाणी जवळजवळ पितच नाही, त्यामुळं साधं सिमेंट तिला धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडेसिव्हच हवं. आता तालुक्याच्या दुकानांतही ते मिळतं, गोणीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आहे का ते बघून घ्या. ते दातेरी थापीनं सगळीकडे सारखं पसरायचं, थोडं फरशीच्या पाठीलाही लावायचं, मग फरशी दाबून रबरी हातोड्यानं ठोकायची. गोळे टाकायला लागला की तिथंच थांबवा. दोन फरश्यांत दोन-तीन मिलीमीटरची फट राहू दे, प्लॅस्टिकचे छोटे स्पेसर मिळतात. सांधे दुसऱ्या दिवशी भरायचे. पैसे पुरत असतील तर नहाणीभोवती इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, त्यातून पाणी जात नाही आणि ते काळंही कमी पडतं.

उतार तपासायला लेव्हल बॉटल लागत नाही. एक तांब्या पाणी लांबच्या कोपऱ्यात ओता आणि बघा, सरळ जाळीकडे धावतंय का मधे रेंगाळतंय. मीटरला साधारण एक ते दीड सेंटीमीटर ढाळ हवा. सगळंच बाथरूम नव्यानं करत असाल तर फरशी बसवण्याआधी, वॉटरप्रूफिंग वाळल्यावर, जाळीत फडक्याचा बोळा कोंबून इंचभर पाणी एक अख्खा दिवस साठवून ठेवायला सांगा. पाणी भराभर उतरलं किंवा खालच्या खोलीच्या छताला ओल आली, तर ते तेव्हाच कळलेलं बरं. आणि नव्या फरश्या घेताना आरशासारख्या चकचकीत नकोत. खरखरीत, मॅट घ्या आणि आकारानं लहान घ्या. सांधे जास्त असले की पायाला पकड मिळते. घासायला थोडा त्रास आहे, मान्य. तो त्रास आजींच्या वॉकरपुढं काहीच नाही.

खरी अडचण पुढंच आहे, आणि तिच्यामुळंच कितीतरी घरांत हे काम रखडतं. घरात बाथरूम एकच असतं! फरशी बसवल्यावर अ‍ॅडेसिव्ह असेल तरी दोन-तीन दिवस आणि सिमेंटचा माल असेल तर आठवडाभर पाणी मारत, पायाखाली न घेता ठेवायची. मग अंघोळी कुठं करायच्या? पुरुषमाणसं अंगणात, नळावर उरकतात. म्हाताऱ्या सासूबाई कुठं जाणार? वयात आलेली मुलगी? तिची पाळी त्याच आठवड्यात असेल तर? हे प्रश्न गवंड्याला पडत नाहीत आणि घरातल्या पुरुषांनाही सहसा पडत नाहीत. म्हणून बाई म्हणते, "राहू दे आता, दिवाळीनंतर बघू." किंवा दुसऱ्याच दिवशी सकाळी "हळूच अंघोळ करते" म्हणून ओल्या मालावर पाट ठेवून बसते, आणि सगळी मेहनत वाया जाते.

यावर आमच्या गल्लीत आम्ही एक साधी गोष्ट केली. ज्या घरी काम निघेल त्यांनी आठ दिवस आधी सांगायचं, शेजारच्या दोन घरांनी आपलं बाथरूम ठरावीक वेळेला मोकळं ठेवायचं. सकाळी सात ते आठ एका घरी, संध्याकाळी दुसऱ्या घरी. पाणी ज्याचं त्यानं न्यायचं, म्हणजे कुणाला ओझं होत नाही. पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्याच्या घरी टॉवेल घेऊन जायचं म्हणजे कसंसंच वाटतं. पण तीन घरांची कामं गेल्या उन्हाळ्यात अशीच झाली. ज्यांना शक्य आहे त्यांनी सुट्टीत पोरं मामाकडे गेली की काम काढावं. घरात माणसं कमी असतात, आणि हवा कोरडी असल्यानं खड्डाही लवकर वाळतो. मात्र सिमेंटच्या मालाला उन्हाळ्यात जास्त पाणी लागतं, तेव्हा नव्या फरशीवर ओलं बारदान टाकून ठेवा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणी विचारतील, आमचं काय? मालकाला तोंडी सांगून सोडून देऊ नका. मोबाइलवर हलत्या फरशीचा फोटो काढून, तारखेसह पाठवा. भाडेकरार करतानाच अशी दुरुस्ती कुणी करायची ते लिहून घेतलं असेल तर उत्तमच.

काम झाल्यावर एक महिन्यानं पुन्हा एकदा नाणं घेऊन बसा आणि त्याच फरश्या वाजवा. बद्द आली तर गवंड्याला लगेच बोलवा, तोपर्यंत त्याला काम आठवत असतं. आणि हो, उरलेल्या चार-पाच फरश्या बिगाऱ्याला देऊन टाकू नका. खोक्यावर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो, तोच नंबर नंतर दुकानात मिळेल याची खात्री नसते. त्या फरश्या माळ्यावर कोरड्या जागी, भिंतीला टेकवून उभ्या ठेवा आणि खोक्याचा तो नंबराचा तुकडा कापून घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलीत लावून टाका.